कल्पना कुणाची, कागद कुणाचा

तुषार जोग यांनी २०१० साली मुंबईहून शांघायपर्यंत मोटारसायकलने प्रवास केला. गाडी रॉयल एनफिल्ड आणि तिचं नाव ‘रोसिनांते’, म्हणजे डॉन किहोतेच्या हडकुळ्या घोड्याचं. वाटेत आपलं सरदार सरोवर होतं, चीनमधलं थ्री गॉर्जेस धरण होतं. विकासाच्या नावाने गावंच्या गावं पाण्याखाली घालणाऱ्या या दोन धरणांना एका माणसाने आपल्या अंगाने, धूळ खात, एका रेषेत जोडणं ही त्या कलाकृतीची कल्पना. शांघाय बिएनालेला पोचल्यावर त्यांनी ती गाडी सुटी केली आणि तिचाही कलाकृतीत वापर केला. जोग हे ‘ओपन सर्कल’ या मुंबईतल्या कलावंतगटाच्या संस्थापकांपैकी एक. ‘युनिसेल पब्लिक वर्क्स सेल’ नावाचं एकट्या माणसाचं बांधकाम खातंही त्यांनी काढलं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये ते गेले.

आता समजा, उद्या अंधेरीतल्या एखाद्या कलादालनाला हा प्रवास पुन्हा लोकांपुढे आणायचा आहे. तर भिंतीवर लावायचं काय, आणि परवानगी कशाची काढायची?

कायद्याच्या नजरेने पाहिलं तर या एका कलाकृतीचे कितीतरी तुकडे होतात. वाटेत लिहिलेल्या नोंदी ही साहित्यकृती. रेखाटनं ही कलाकृती. छायाचित्रंही कलाकृतीच, पण आपल्याकडे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा माणूस, त्यात दिसणारा नव्हे. रस्त्यावर कुणा सोबत्याने कॅमेरा हातात घेतला असेल, तर त्या फोटोचा स्वामित्वहक्क सहसा त्या सोबत्याचा, मग फोटोत जोग असोत, गाडी असो की धरण. नोंदी आणि रेखाटनांचा हक्क वारसांकडे जातो. भारतात तो कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात, म्हणजे २०७८ च्या अखेरपर्यंत. आणि खुद्द प्रवास? दोन धरणांना जोडण्याची ती कल्पना? ती कुणाचीच मालमत्ता नाही. उद्या दुसरं कुणी कोयनेहून भाक्रा-नांगलला सायकलने निघालं, तर कोणतंही न्यायालय त्याला अडवणार नाही.

संकल्पनात्मक कलेचं सगळं दुखणं इथे आहे. या कलेत कल्पना हीच कलाकृती असते. वस्तू, चित्र, फोटो हे तिचे पुरावे. कायदा मात्र पुराव्यांना जपतो आणि कल्पनेला मोकळं सोडतो.

हे मोकळं सोडणं मला अन्यायाचं वाटत नाही. गणपतीचंच उदाहरण घ्या. बसलेला, उजवा हात आशीर्वादाचा, भव्य गणपती ही कुणाच्या मालकीची कल्पना असू शकत नाही. नाहीतर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या मंडळांनी मूर्ती आणायची कुठून? पण लालबागच्या राजाची ती विशिष्ट ठेवण, तो चेहरा, ते डोळे ही मूर्ती घडवणाऱ्या कांबळी घराण्याचे, आणि त्या रूपावर त्यांचा स्वामित्वहक्क आहे. गणपती सगळ्यांचा, तो चेहरा कांबळींचा. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात हेच तत्त्व पक्कं केलं. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट, दोन्हींत प्रांताप्रांतांतल्या दुराग्रहाचा विषय होता. न्यायालय म्हणालं, विषय, कल्पना, कथासूत्र यांवर हक्क नसतो. हक्क असतो तो मांडणीवर. हक्कभंग ठरायचा तर दोन्ही पाहिल्यावर दुसरं हे पहिल्याचीच नक्कल आहे असं सामान्य प्रेक्षकाला स्पष्ट वाटलं पाहिजे.

संकल्पनात्मक कलेला ही कसोटी लावली की काय होतं, ते केळ्याने दाखवून दिलं. इटलीच्या मौरित्सिओ कातेलानने डिसेंबर २०१९ मध्ये मायामीच्या कलामेळ्यात एक खरं केळं भिंतीला राखाडी चिकटपट्टीने चिकटवलं. जो मॉरफर्ड नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कलावंताने तर २००० सालीच एक केळं आणि एक संत्रं हिरव्या पट्ट्यांवर टेपने चिकटवून ठेवलं होतं. तो न्यायालयात गेला. जून २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या न्यायालयाने निकाल कातेलानच्या बाजूने दिला, कारण केळं टेपने चिकटवणं ही कल्पना झाली आणि ती मॉरफर्डची होऊ शकत नाही; उरलेल्या तपशिलांत, कोनात, रंगात, मांडणीत, पुरेसं साम्य नाही. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की याच तर्काने कातेलानचं केळंही असुरक्षितच आहे. कुणीही घरी केळं चिकटवावं. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात या कलाकृतीला सुमारे ६२ लाख डॉलर मिळाले. विकत घेणाऱ्याच्या हाती पडलं एक प्रमाणपत्र आणि केळं कसं, किती उंचीवर लावायचं याच्या लेखी सूचना. केळं सडलं की नवं आणायचं. किंमत होती ती कागदाला.

अंधेरीकरांना हे नवं वाटू नये. याच उपनगरात हजारो लोकांचं पोट कल्पनेवर चालतं. मालिकेची, चित्रपटाची दोन पानी ‘कन्सेप्ट नोट’ घेऊन लोक निर्मात्याच्या दारात बसतात, आणि ती चोरीला जाईल या भीतीने आधी अंधेरी पश्चिमेच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवून येतात. या नोंदणीने मालकी मिळत नाही, पण अमुक तारखेला हे लिहून माझ्या हाती होतं, एवढा पुरावा मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या प्रकरणात या लोकांच्या बाजूने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. सनडायलने ‘कृष कन्हैया’ ही मालिकेची संकल्पना तपशिलात फुलवून वाहिनीसमोर ठेवली होती. पुढे ‘कन्हैया’ नावाची मालिका आली. नुसती कल्पना मोकळी असली, तरी ती पुरेशा तपशिलाने विकसित करून विश्वासाने कुणाला सांगितली असेल, तर त्या विश्वासाचा भंग करता येत नाही, आणि त्या तपशीलवार मांडणीला संरक्षणही मिळतं, असं न्यायालयाने धरलं. मला वाटतं, आपल्या कलावंतांनी हा निकाल जेवढा वाचायला हवा तेवढा वाचलेला नाही. कलादालनाकडे प्रस्ताव पाठवताना दोन ओळी फोनवर सांगण्याऐवजी सहा पानं, आराखडे, मापं आणि ‘हे गोपनीय आहे’ असं वाक्य पाठवणारा कलावंत कितीतरी बळकट जागी उभा असतो.

कारण १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संकल्पनात्मक कला हा प्रकारच नाही. मांडणशिल्पही नाही. ‘कलाकृती’ची व्याख्या म्हणजे एक ठरावीक यादी आहे. तिच्यात चित्र, शिल्प, रेखाटन (यात आकृती, नकाशा, आराखडा आला), उत्कीर्णन, छायाचित्र, वास्तुकृती आणि कलात्मक कारागिरीची इतर कृती एवढंच येतं. या यादीत बसवल्याशिवाय ‘कलाकृती’ म्हणून संरक्षण नाही. यादीतली एक गोष्ट मात्र नव्या कलेच्या फायद्याची आहे. चित्र, शिल्प, रेखाटन यांत कलात्मक गुण आहे की नाही, हे कायदा पाहतच नाही. त्यामुळे ‘यात कला कुठे आहे?’ हा प्रेक्षकाचा लाडका प्रश्न न्यायालयात गैरलागू ठरतो. भिंतीवर एकच रेघ काढली असली, तरी ते रेखाटनच.

म्हणून जाणता संकल्पनात्मक कलावंत आपली कृती कायद्यातल्या वेगवेगळ्या कप्प्यांत स्वतःच वाटून ठेवतो. सूचना लिहिल्या की साहित्यकृती. आराखडा काढला की रेखाटन. चलचित्र केलं की चित्रपट. सादरीकरण असेल तर त्याची हालचाल, रंगयोजना आधी लिहून किंवा ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवली की नाट्यकृतीच्या व्याख्येत शिरता येतं, आणि सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क ५० वर्षं वेगळा मिळतो. खोलीत पसरलेल्या विटा, आवाज, अंधार आणि वास यांचं एकत्रित मांडणशिल्प मात्र शिल्प ठरेल की नाही, याचं उत्तर भारतातल्या कायद्याच्या शब्दांतून सरळ निघत नाही.

आता प्रदर्शनाकडे येऊ. स्वामित्वहक्काचा मालक आणि वस्तूचा मालक हे दोन वेगळे लोक असू शकतात, ही गोष्ट आपल्याकडे भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. बोरिवलीतल्या संग्राहकाने पाच लाखांना मांडणशिल्प विकत घेतलं म्हणून त्याचं कॅलेंडर, टी-शर्ट, पुस्तकाचं मुखपृष्ठ करण्याचा हक्क त्याला मिळत नाही. तो हक्क लेखी, सही करून दिला तरच जातो. कायद्याचं कलम १९ इथे कलावंताची फार काळजी घेतं. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेणाऱ्याने तो वर्षभरात वापरलाच नाही, तर उलट काही ठरलेलं नसल्यास तेवढा हक्क परत फिरतो.

पण याच कायद्यात एक ओळ अशी आहे, जी वाचून मला दर वेळी वाईट वाटतं. कलम ५७ कलावंताला विशेष अधिकार देतं. हक्क विकून टाकले तरी कर्ता म्हणून नाव लावून घेण्याचा, आणि कृतीची मोडतोड करून आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्याला रोखण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच ब्राँझचं भित्तिशिल्प केलं होतं. १९७९ मध्ये सरकारने ते उतरवलं, तुकडे गोदामात टाकले. सहगल वर्षानुवर्षं लढले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते अवशेष त्यांना परत द्यायला सांगितले, वर ५ लाख रुपये भरपाई दिली. तो निकाल आपल्या कलाजगाचा मोठा आधार आहे. मात्र त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे. कृती प्रदर्शित न करणं, किंवा कर्त्याच्या समाधानाप्रमाणे प्रदर्शित न करणं, हा या अधिकाराचा भंग मानला जाणार नाही.

तैलचित्राच्या बाबतीत हे समजण्यासारखं आहे. चित्रकार म्हणेल डाव्या भिंतीवर लावा, मालक म्हणेल उजव्या. यावर खटले नकोत. पण जिथे मांडणी हीच कृती आहे, तिथे काय? शंभर ध्वनिक्षेपक अंधाऱ्या खोलीत, ठरावीक उंचीवर, एकामागून एक बोलते करण्याची कलाकृती कुणी पन्नासच लावून, दिवे पूर्ण पेटवून, शेजारी चहाचा स्टॉल मांडून दाखवली, तर ती ‘असमाधानकारक प्रदर्शित’ झाली की ‘विद्रूप’ झाली? माझ्या मते विद्रूप झाली, आणि कायद्याने तसं मानायला हवं. पण आजच्या शब्दांत कलावंताचा वकील याची हमी देऊ शकत नाही. त्यामुळे हमी करारात घ्यावी लागते. किती जागा, किती उजेड, आवाज किती, कोणता घटक बदलून चालेल आणि कोणता चालणार नाही, मोडलं तर कुणी दुरुस्त करायचं, प्रदर्शन संपल्यावर साहित्याचं काय करायचं, अटी मोडल्या तर कलाकृतीवरून आपलं नाव काढून घ्यायचा अधिकार कुणाला, हे सगळं लिहून सही व्हावं. उपनगरातली लहान दालनं अजूनही हे व्हॉट्सॲपवर उरकतात. कलावंत तरुण असतो, दालन ओळखीचं असतं, आणि कागद मागणं उद्धटपणाचं वाटतं. पण या कलाप्रकारात कागद मागणं हा कामाचाच भाग आहे.

प्रतिकृतींच्या बाबतीत लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे रस्त्यावर दिसतं ते सगळ्यांचं. मेक्सिकोच्या पाओला देल्फिन यांनी मुंबईत स्टार्ट इंडिया फाउंडेशनच्या उपक्रमात ‘ह्युमॅनिटी’ नावाचं भव्य भित्तिचित्र केलं. ॲको या विमा कंपनीने ते आपल्या जाहिरातीत आणलं. सार्वजनिक जागेतल्या कृतीचं चित्र घेण्याची मुभा कायद्यात आहे, हा कंपनीचा बचाव. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रथमदर्शनी तो मानला नाही. ही जाहिरात आहे आणि तीत चित्राचं पुनरुत्पादन झालं आहे, असं म्हणून जाहिरात आणि समाजमाध्यमांवरच्या पोस्ट काढायला सांगितल्या.

ती मुभा नेमकी कशी आहे, हे अंधेरी पूर्वेच्या विमानतळावर उभं राहून नीट कळतं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या टर्मिनल २ मध्ये राजीव सेठी यांच्या संकल्पनेतून ‘जय हे’ हे कलासंग्रहालय उभं राहिलं. तिथे कोरीव काम, शिल्पं, रंगवलेली दालनं, मांडणशिल्पं एकाच भिंतीवर शेजारी शेजारी आहेत. कलम ५२ सांगतं की लोकांना प्रवेश असलेल्या जागेत कायमची बसवलेली शिल्पं आणि कलात्मक कारागिरीच्या कृती यांचं छायाचित्र काढून छापायला हरकत नाही. त्या पोटकलमाच्या मुभेत रंगचित्र येत नाही. म्हणजे एकाच भिंतीपुढून चालताना शिल्पाचा फोटो छापणं एका नियमात बसतं आणि दोन पावलांवरच्या चित्राचा फोटो छापणं दुसऱ्या. चित्रपटासाठी आणखी तिसरा नियम आहे. सार्वजनिक जागेत कायम असलेली कोणतीही कलाकृती, आणि इतरत्र असलेली कृती निव्वळ पार्श्वभूमी म्हणून, चित्रपटात आली तर चालते. घरच्या अल्बमसाठी काढलेल्या फोटोची चिंता कुणी करू नये. खाजगी वापराला, समीक्षेला आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनाला वेगळी सवलत आहे. प्रदर्शनाच्या परीक्षणाबरोबर वर्तमानपत्राने कलाकृतीचा फोटो छापावा, निर्धास्त छापावा. तोच फोटो दालनाने कॉफीच्या कपांवर छापून विकायचा असेल तर कलावंताला विचारावं.

गृहनिर्माण संस्थांसाठी एक गोष्ट. मुलुंडमधल्या एखाद्या सोसायटीने कुंपणाच्या भिंतीवर पैसे देऊन चित्र काढून घेतलं, तर उलट करार नसल्यास त्या चित्राच्या स्वामित्वहक्काची पहिली मालक सोसायटीच ठरते. पैसे देऊन काढून घेतलेलं चित्र, व्यक्तिचित्र, छायाचित्र यांना हा नियम आहे. शिल्पाला मात्र नाही. त्याच सोसायटीने आवारात शिल्प बसवलं, तर त्याचा स्वामित्वहक्क शिल्पकाराकडे राहतो. चित्रकारांनी म्हणून भिंतीला ब्रश लावण्याआधी एक ओळ लिहून घ्यावी. पुढे समितीने चित्रावर चुना फासला तरी कलम ५७ चा प्रश्न उरतोच.

कल्पनाप्रधान कला अनेकदा दुसऱ्याची सामग्री उचलून तिला नवा अर्थ देते, आणि तिथे कलावंत आरोपीच्या जागीही उभा राहतो. एप्रिल २०२५ मध्ये कवी आमिर अझीझ यांनी आपल्या ‘सब याद रखा जाएगा’ या कवितेच्या ओळी ज्येष्ठ कलावंत अनिता दुबे यांनी विनापरवानगी कलाकृतींत वापरल्याचं जाहीरपणे सांगितलं. या कलाकृती दिल्लीच्या वढेरा दालनात मांडल्या होत्या. दुबे यांनी परवानगी न घेतल्याची चूक मान्य केली, तरी प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. सहानुभूतीने, कवितेमागच्या आंदोलनाशी बांधिलकी म्हणून शब्द वापरले असले तरी ते शब्द कुणाच्या तरी श्रमाचे असतात. इथे मी पूर्णपणे कवीच्या बाजूने आहे. कवितेमागची भावना सगळ्यांची, ओळी कवीच्या.

खारच्या चुइम गावातून वाढलेल्या ‘कॅम्प’ या गटाची ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ ही २०१३ ची फिल्म या सगळ्याचा कस पाहणारी आहे. कच्छपासून आखातापर्यंत लाकडी जहाजांवर काम करणाऱ्या खलाशांनी स्वतःच्या मोबाइलवर टिपलेली दृश्यं तीत आहेत, आणि खलाशांनी त्या दृश्यांवर आपल्या आवडीची गाणी आधीच चढवलेली होती. अशी कृती मुलुंडच्या एखाद्या सभागृहात दाखवायची तर फिल्म करणारे, दृश्यं टिपणारे खलाशी आणि गाण्यांचे हक्कदार असे तीन थर समोर येतात. पहिल्या दोघांना माणूस म्हणून गाठावं लागतं. गाण्यांचं मात्र सोपं आहे. गीतकार-संगीतकारांची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे, तिचं कार्यालय अंधेरीत आहे, तिथे पैसे भरले की बऱ्याच गाण्यांच्या शब्द-संगीताची परवानगी एका पावतीवर मिळते. दृश्यकलावंतांसाठी भारतात अशी एकही नोंदणीकृत संस्था नाही. त्यामुळे मांडणशिल्पाच्या एका फोटोसाठीदेखील कलावंताचा, किंवा तो गेला असेल तर त्याच्या वारसाचा, पत्ता शोधून त्याला पत्र लिहावं लागतं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं.